पायाची माती पूर्णेत जाऊ नये म्हणून

केदारखेड्यात घराचा पाया खोदायचा तो बहुतेक एप्रिल-मेमध्ये. कापूस, मका, हरभरा विकून हातात चार पैसे आलेले असतात, शेतीची कामे ओसरलेली असतात, मिस्त्रीही मोकळा सापडतो. जेसीबी येतो, एका दिवसात खड्डे पाडून जातो. निघालेली काळी माती रस्त्याच्या कडेला, पुष्कळदा नालीला लागूनच पडते. मग लोखंड यायचे असते, घरकुलाचा हप्ता यायचा असतो, गुत्तेदार दुसऱ्या कामावर गेलेला असतो. तेवढ्यात मृग लागतो आणि पहिल्याच दणक्यात तो ढीग अर्धा होतो. गेलेला अर्धा भाग आधी नालीत बसतो, मग रस्त्यावर येतो आणि उरलेला ओढ्याने पूर्णेला मिळतो.

पूर्णेतून तो पुढे खडकपूर्णा प्रकल्पाकडे, तिथून सांडव्यावरून सुटला तर येलदरी आणि सिद्धेश्वरकडे जातो. धरणात गाळ साचला की तो काढायला शासनाला 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारखी योजना आणावी लागते. जालना शहराला पाणी देणाऱ्या निजामकाळातल्या घाणेवाडी तलावात इतका गाळ साठला होता, की शेवटी जालनेकरांनी एकत्र येऊन तो उपसायला घेतला. या गाळात शेतांचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण शेताची माती निदान पिकाच्या मुळांनी, धुऱ्याने, गवताने काही प्रमाणात धरून ठेवलेली असते. बांधकामावर उकरलेल्या मातीला यातले काहीच नसते. एवढ्याशा जागेतून इतकी माती सुटते ती त्यामुळेच.

हिशेब करून पाहा. जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण 600 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो रोज थोडा थोडा पडत नाही, मोजक्या दिवसांत कोसळतो. महसूल खाते 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरते. तेवढा पाऊस एका गुंठ्यावर पडला तर साडेसहा हजार लिटर पाणी होते. दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर पासष्ट हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे साडेसहा टँकर. हे सगळे पाणी उघड्या मातीवरून उताराच्या कोपऱ्याकडे धावते. जाताना त्याने एका एकरावरून सरसकट फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर नेला, तरी चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास माती गेली. एक मिलिमीटर गेलेला डोळ्यांना दिसतही नाही; नालीत बसलेला दीड ब्रास मात्र ग्रामपंचायतीला माणसे लावून काढावा लागतो.

काळ्या मातीचे वागणे नीट समजून घेतल्याशिवाय उपाय लागू पडत नाहीत. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते, म्हणून पहिला पाऊस भेगांत मुरतो आणि आपल्याला वाटते, पाणी वाहतच नाही. माती फुगली, भेगा मिटल्या की वरचा थर बंद होतो, आणि त्यानंतरचा पाऊस जवळपास सगळा वाहून जातो. ढिगाचे तर विचारूच नका. उन्हात दगडासारखी कडक झालेली ढेकळे पाण्यात पडताच विरघळल्यागत फुटतात आणि त्यांचा रेंदा होतो.

घरी एक प्रयोग करा. पाऊस थांबल्यावर बांधकामासमोरच्या नालीतले पाणी एका पारदर्शक बाटलीत भरा आणि ओट्यावर ठेवा. वाळू आणि मुरमाचे कण मिनिटभरात तळाशी जातात. त्यावर हळूहळू मऊ पोयट्याचा थर बसतो. वरचे पाणी मात्र संध्याकाळीही गढूळच असते. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण अगदी स्थिर पाण्यात एक फूट खाली यायला जवळपास एक दिवस घेतो. त्याहून बारीक कण कित्येक दिवस तरंगत राहतात. म्हणून ‘प्लॉटच्या टोकाला एक खड्डा केला की झाले’ ही समजूत आपल्या भागात फसते. खड्डा मुरूम, वाळू आणि जाडसर गाळ अडवतो. काळी माती एकदा पाण्यात मिसळली की तिला अडवणे कुणाच्याच हातात राहत नाही. तिला भिजू न देणे, म्हणजे झाकणे, हाच खरा उपाय.

नियम कुठे कुठे आहेत

बांधकामावरची धूप आणि वाहते पाणी यांसाठी एकच स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत एक एकर किंवा जास्त जमीन उकरायची असेल तर माती आणि पावसाचे पाणी कसे रोखणार याचा लेखी आराखडा करून परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे हीच जबाबदारी वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहे, त्यामुळे कुणीच ती आपली मानत नाही.

गावठाणात घर बांधायचे तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते. कलम 53 सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर अडथळा आणि अतिक्रमण करायला मनाई करते. रस्त्यावर टाकलेला मातीचा ढीग, वाळू, खडी हा अडथळाच आहे, आणि तो हटवायला लावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. हे कलम सरपंच, ग्रामसेवक आणि घरमालक या तिघांनीही माहीत करून घ्यावे. 2021 मध्ये ग्रामीण भागात 300 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील घरांसाठी नगररचना कार्यालयाचे हेलपाटे वाचवणारी सवलत जाहीर झाली. सवलत चांगलीच आहे. पण छाननी कमी झाली की ‘माती कुठे टाकणार’ हे विचारणारेही कुणी उरत नाही. ते मालकानेच स्वतःला विचारायचे.

डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर नव्या बांधकामाला पाऊस पाणी संकलनाची सोय बंधनकारक आहे. 500 चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांहून थोडे कमी. लॉन, मंगल कार्यालय, शाळा, जिनिंग, गोदाम असले काही बांधणारे सगळेच यात येतात. नदीकाठी पूररेषा आखलेली असेल तर निळ्या रेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही. बांधलेले क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. गावात असा प्रकल्प क्वचितच असतो, पण जालन्याच्या बाजूने येणाऱ्या मोठ्या गुंतवणुकीला ती चुकत नाही. राडारोडा आपल्या आवारातच ठेवायचा, नालीत किंवा रस्त्यावर टाकायचा नाही, हे तत्त्व 2016 च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनीच घालून दिले आहे.

सर्वांत जास्त गोंधळ असतो तो स्वामित्वधनाचा. पायाची माती काढली म्हणून तलाठी नोटीस देईल, या धास्तीने काही लोक रातोरात माती उचलून ओढ्याकाठी टाकतात. त्याची काही गरज नाही. प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला किंवा भरावाला वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही, अशी तरतूद राज्याच्या गौण खनिज नियमांत 2015 साली झाली. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात मातीचा वापर कशासाठी होतो ते पाहा, असे सांगितले होते. माती प्लॉटच्या बाहेर नेली, विकली, किंवा बाहेरून मुरूम आणला, की मात्र तहसीलची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो. नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो आणि ट्रॅक्टर किंवा हायवा जप्त होऊ शकतो. थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीनेही माती जागेवर ठेवणे हेच सर्वांत स्वस्त.

खोदाईच्या आधी

रोहिणी नक्षत्र लागल्यावर, म्हणजे साधारण 25 मेनंतर, नवा पाया खोदू नका. माझे हे मत ठाम आहे. मृगापर्यंत जोत्याचे काम पूर्ण होऊन खड्डे भरून होणार असतील तरच खोदाई करा. नाहीतर दसऱ्यानंतर करा. उघडे खड्डे पावसात भरले की बाजू ढासळतात, तळाची काळी माती फुगते, आणि पुढे त्याच पायावर भिंतीला तडे जातात. नदीचे सोडा, स्वतःच्या घरासाठीही हे पथ्य पाळायला हवे.

खोदण्यापूर्वी प्लॉटचा सर्वांत खालचा कोपरा शोधा. गावातल्या जाणत्या माणसाला विचारलेत तर पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे तो बसल्या जागी सांगेल. गावठाणाबाहेरचा प्लॉट असेल तर गट नकाशा काढून त्यावर ओढा किंवा नाला दाखवला आहे का, हे तपासा. उन्हाळ्यात सपाट दिसणारी जागा पुष्कळदा जुन्या नाल्याची असते, आणि पाणी आपली वाट विसरत नाही.

वरून, शेजारच्या उंच जागेवरून येणारे पाणी आधी वळवा. प्लॉटच्या वरच्या कडेला फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढून ते बाजूने नेले की तुमच्या उकरलेल्या मातीवरून वाहणारे पाणी बरेच कमी होते. खालच्या कडेला दीड फूट उंचीचा बांध घाला. तो मुरमाचा हवा आणि पाणी मारून ठोकलेला हवा. काळ्या मातीचा बांध फुटतो. बांधात एका जागी दोन-तीन फूट रुंदीचा सांडवा ठेवा, बांधापेक्षा अर्धा फूट खाली, आणि तो डबराने नीट पिचून घ्या. सांडवा नसलेला बांध पहिल्याच अतिवृष्टीत वाटेल तिथे फुटून शेजाऱ्याच्या घरात गाळ सोडतो. जालन्याजवळच्या कडवंचीत 1996 पासून इंडो-जर्मन कार्यक्रमाखाली खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि विजयअण्णा बोराडे यांनी गावकऱ्यांबरोबर पाणलोटाचे काम केले, तेव्हा क्रम हाच होता: आधी वरून पाणी अडवा, मग मधे वेग कमी करा, शेवटी खाली साठवा. शेकडो हेक्टरांवर चाललेली रीत दोन गुंठ्यांवरही चालते.

बांधाच्या आत, सांडव्याच्या अलीकडे, गाळ बसायला खड्डा करा. मापासाठी एक सोपा अंदाज आहे: उकरलेल्या एका गुंठ्यामागे एक ब्रासचा खड्डा, म्हणजे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल. एका इंचाच्या पावसाचे वाहते पाणी त्यात मावते. लांबट केला तर गाळ चांगला बसतो. चौकोनी खड्ड्यात पाणी एका बाजूने शिरून लगेच दुसऱ्या बाजूने निघून जाते. दोन फुटांपेक्षा खोल करू नका आणि भोवती काट्या किंवा दोरी लावा, कारण पाण्याने भरलेला खड्डा लहान मुलांसाठी धोक्याचा असतो. पायापासून तो निदान दहा फूट लांब हवा. निम्मा भरला की साफ करा आणि निघालेला गाळ परसातल्या झाडांना टाका.

आता ढीग. वरची फूटभर सुपीक माती वेगळी काढून ठेवा. घर झाल्यावर परसबागेला तीच लागते आणि विकत घ्यायला गेलात तर सहज मिळत नाही. ढीग नालीपासून, ओढ्यापासून दहा फूट तरी आत, चार-पाच फुटांपेक्षा उंच नको, बाजू उभ्या नकोत. त्यावर ताडपत्री टाकून कडा दगडांनी किंवा मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी दाबा. ताडपत्री मळणीच्या हंगामाची घरात असतेच. नसेल तर पऱ्हाटी किंवा सोयाबीनचे कुटार तीन-चार बोटे जाड पसरा. पावसाचा थेंब थेट मातीवर आदळला नाही की निम्मे काम झाले. ढीग पावसाळाभर राहणार असेल तर त्यावर ताग दाट पेरा. तो लवकर उगवतो, मुळांनी माती धरतो आणि फुलोऱ्याआधी तिथेच गाडला की हिरवळीचे खत होते.

वाळू, खडी, कच यांनाही हेच लागू. घरकुलाची वाळू मिळवताना लोकांना किती यातायात करावी लागते हे सर्वांना माहीत आहे. तीच वाळू रस्त्यावर उघडी टाकून पावसाने नालीत जाऊ देणे हे नुकसान दोन्हीकडून आहे. पूर्णेच्या पात्रातून उपसलेली वाळू गावातल्या नालीत बसून कुणाच्याच कामाला येत नाही.

प्लॉटमध्ये ट्रॅक्टर आणि टँकर जिथून शिरतात तिथे वीसेक फूट लांबीवर जाड खडी किंवा डबर अंथरा. चाकांना लागलेला चिखल तिथेच गळतो. जालना-भोकरदन रस्त्याला लागून बांधणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. डांबरावर पसरलेला काळा चिखल रिमझिम पावसात इतका निसरडा होतो, की पहिली मोटारसायकल पडायला वेळ लागत नाही. आणि मागे बाई लेकरू घेऊन बसलेली असते.

सांडपाण्याचे शोषखड्डे शेजारीपाजारी असतील तर तुमचे गढूळ पाणी त्यांत जाऊ देऊ नका. चिकणमातीच्या एकाच लोंढ्याने खड्ड्यातल्या दगडांच्या फटी बुजतात आणि तो कायमचा निकामी होतो. छताचे पाणी मुरवायला स्वतःचा खड्डा करणार असाल तर काळ्या मातीचा थर संपून मुरूम लागेपर्यंत खोल जा. काळीत केलेला खड्डा नुसता भरून राहतो. पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून तो 15 मीटर तरी दूर हवा. घर पूर्ण झाल्यावर जोत्याभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा करा, म्हणजे पन्हळीचे पाणी पायाशी मुरणार नाही.

हे सगळे गुत्तेदाराशी ठरवताना कागदावर घ्या: माती कुठे ठेवायची, कुणी झाकायची, नालीत गेली तर कुणी काढायची. बोलीत न ठरलेले काम पावसात कुणी करत नाही.

प्लॉटिंग करणाऱ्यांसाठी

एका घराच्या मातीपेक्षा एका लेआउटची माती कितीतरी जास्त. शेत एकदम सपाट करायचे, धुरे मोडायचे, मुरमाचे रस्ते पाडायचे आणि प्लॉट विकले जाईपर्यंत दोन-तीन पावसाळे जमीन उघडी ठेवायची, ही पद्धत बदलायला हवी. मोजणी झाली तरी रस्त्याच्या आड न येणारे धुरे राहू द्या. रस्ते आणि त्यांच्या नाल्या आधी करा, बाकी जमिनीवर गवत राहू द्या. एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये नियमावलीप्रमाणे 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागतेच; तिच्या खालच्या कडेला उथळ, गवताळ खोलगट भाग ठेवला तर साऱ्या लेआउटचे गढूळ पाणी तिथे थबकते. नैसर्गिक नाला बुजवून त्यावर प्लॉट पाडले असतील तर ते घेऊच नयेत, हे घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

शेजाऱ्याशी वाद झाला तर

‘वरचे पाणी माझ्याकडे येता कामा नये’ असे खालचा शेजारी म्हणतो, आणि ‘पाणी खालीच जाणार’ असे वरचा. कायदा दोघांनाही थोडे थोडे देतो. 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू द्यावे लागते. खालच्याने भिंत घालून ते अडवता येत नाही. पण वरच्याने भराव टाकून, नळकांडे लावून सगळे पाणी एका जागी गोळा करून खाली सोडले, तर त्याला नैसर्गिक वाहणे म्हणत नाहीत. वरच्या बाजूला शेत असेल आणि कुणी त्यातून वाहणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवून त्याचे नुकसान केले असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मुदत मात्र सहा महिन्यांची. दिवाळी होऊ द्या, मग बघू, असे म्हणत बसलात तर ती निघून जाते.

यापेक्षा बरे म्हणजे ग्रामसभेत आधीच ठरवणे. मे महिन्याच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: बांधकाम परवानगीच्या पत्रात माती प्लॉटच्या आत ठेवणे, 1 जूनपूर्वी ढीग झाकणे आणि नालीत गेलेला गाळ मालकाच्या खर्चाने काढणे, या तीन अटी छापल्या जातील. ग्रामपंचायतीने स्वतःच्या कामांनाही त्या लावाव्यात. सिमेंट रस्ता करताना जुना रस्ता न उकरता वर थर चढवला की रस्ता घरांच्या उंबऱ्याच्या वर जातो, आणि मग गढूळ पाणी कुणाच्या दारात जाणार हे उघड आहे. घरमालकावर अटी घालायच्या तर गावाच्या कामाचीही पातळी तपासूनच बिल निघावे.

तरीही नुकसान झालेच तर त्याच दिवशी फोटो काढा. त्यात ढीग, नाली आणि तुमचे दार एकाच चौकटीत दिसेल असे पाहा. तलाठी आणि ग्रामसेवक यांना लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा आणि अर्जाची पोच घ्या. केदारखेडा हे महसूल मंडळ आहे, त्यामुळे त्या दिवशीच्या पावसाची मंडळाची नोंद तहसील कार्यालयातून मिळते; ती अर्जाला जोडा. पाऊस 30 मिलिमीटरच झाला असताना घरात गाळ आला असेल, तर ‘अतिवृष्टी होती, कुणाचाच इलाज नव्हता’ हे उत्तर टिकत नाही.